सोळा आठवडे होईपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय खारू,

तुझा मामा ठणठणीत आहे, कान सोडून. डावा पूर्वीच संपावर गेला होता, आता उजव्यानेही त्याला पाठिंबा दिलाय. परवा फोनवर तू काहीतरी सांगत होतीस आणि मी अंदाजाने "हो, हो" म्हणत होतो. तू गप्प झालीस तेव्हा कळलं, की "हो" म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणून हे पत्र. कागदावर मला सगळं ऐकू येतं.

बातमी अशी, की वाचनालयात बाळंतपण झालंय. तुला ती मागची दुरुस्तीखोली आठवते ना, जिथे मी पुस्तकं शिवत बसतो? तिथल्या जुन्या पुठ्ठ्यांच्या खोक्यात मांजरीने चार पिल्लं घातली. पंधरा दिवस झाले. मी निवृत्त झालो तरी ग्रंथपालबाई मला सोडत नाहीत, आता मांजरीनेही माझाच टेबल निवडला म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. डोळे उघडलेत. तपकिरी तो पुठ्ठा, पांढुरकी ती खळ, काळी कुळकुळीत ती शाई, आणि सगळ्यात बारीक, आचळाला नेहमी उशिरा पोचणारा, तो दोरा. नावं ठेवू नका, जीव लागतो, असं बाई म्हणाल्या. तोवर ठेवून झाली होती.

खरं काम पुढे आहे. गेल्या ऑगस्टात याच खोलीत एक पिल्लू होतं, तुला लिहिलं नव्हतं. सकाळी खेळत होतं. दुपारी ओकायला लागलं, तिसऱ्या दिवशी गेलं. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं आणि प्यायचं नाही, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. या चौघांना कोणती लस, कधी, किती वेळा? इथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात आणि माझ्या कानाशी ओरडून ते दमतात. तुझ्या दवाखान्यात गर्दी असेल, दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

तुझा,
मामा

९ फेब्रुवारी

मामा,

दोन ओळींत मावणार नाही, तेव्हा चष्मा लाव.

गेल्या वर्षीचं पिल्लू ज्याने गेलं तो बहुधा आतड्यांवर येणारा विषाणू. मांजरांच्या रोगांत हा सगळ्यात वाईट. अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच तो आधी संपवतो, मग पिल्लाकडे लढायला काही उरत नाही. दुसरे दोन नाका-डोळ्यांचे: शिंका, चिकटलेले डोळे, तोंडात फोड. तिन्हींवर मिळून एकच लस असते. पहिली आठव्या आठवड्याला, मग दर चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. म्हणजे तुझ्या हिशेबाने सतरा मार्च, चौदा एप्रिल आणि बारा मे. तारखा भिंतीवर लिहून ठेव.

तू विचारशील, तीनदा कशाला? पहिल्या दुधातून आई पिल्लांना स्वतःची ताकद देते. ती अंगात असेपर्यंत लस चालत नाही, आईची ताकद तिला परकी समजून हाकलून देते. ही ताकद कोणाची सहाव्या आठवड्याला संपते, कोणाची चौदाव्याला. बाहेरून कळत नाही. मध्ये थोडे दिवस असे येतात, की आईचं संपलेलं असतं आणि स्वतःचं आलेलं नसतं. ते दिवस कमीत कमी राहावेत म्हणून पुन्हापुन्हा टोचायचं. जो आचळाला उशिरा पोचतो त्याचं आधी संपू शकतं. तेव्हा दोराकडे लक्ष ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो विषाणू खोलीत वर्षभर जिवंत राहतो. फरशीत, फटीत, कापडात. साबणाने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी घे, दहा मिनिटं फरशी ओली राहू दे, मग पुसून घे. तेवढा वेळ पिल्लांना दुसऱ्या खोलीत ठेव. फिनेल अजिबात नको, ते मांजरांना विष आहे. त्या पिल्लाच्या अंगाखाली जे काही होतं, चादर, टोपली, चिंधी, ते टाकून दे. धुऊन ठेवू नकोस, टाक.

दर आठवड्याला वजन कर. तिसरी सुई झाल्याशिवाय कोणाला देऊ नकोस.

इथे दवाखान्यात नेहमीसारखंच चाललंय. गर्दी असते.

खारू

१ मार्च

प्रिय डॉक्टरीणबाई,

हुकुमाची तामिली झाली. ग्रंथपालबाईंनी नाकाला रुमाल बांधला, मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, आणि आम्ही दोघांनी मिळून ती खोली अशी धुतली, की इतिहासाच्या कपाटापर्यंत वास गेला. एक वाचक विचारून गेले, पोहण्याचा तलाव काढताय का. खोकं जाळलं. जुनी टोपली टाकली. सगळं टाकलं.

वजन पोस्टाच्या तराजूवर करतो. पुठ्ठा सातशे ग्रॅम, शाई साडेसहाशे, खळ सहाशे वीस, दोरा चारशे ऐंशी. दोरा खातो कमी आणि बघतो जास्त. मी पुस्तकाच्या कण्याला सुई घातली, की तो दोऱ्याचं टोक पकडून बसतो. नाव चुकलेलं नाही.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची मुलगी रोज शाळा सुटल्यावर येते. सात वर्षांची आहे, वर्षभरापूर्वी आई गेली तिची. बोलते मोजकंच. येते, चप्पल बाहेर काढते, दोराजवळ मांडी घालून बसते, आणि वडील न्यायला येईपर्यंत हलत नाही. काल मला म्हणाली, "हा माझ्याशी बोलतो." मी म्हटलं, "नशीबवान आहेस, माझ्याशी कोणी बोललं तरी मला ऐकू येत नाही." तर हसली. सलूनवाला म्हणाला, कित्येक महिन्यांनी हसली.

थोडं आधी दिलं तर फार बिघडेल का गं?

मामा

६ मार्च

मामा,

बिघडेल. एक सुईसुद्धा झालेली नसताना घर बदलणं, आईपासून तोडणं, नवी जागा, नवं खाणं, सगळं एकदम. त्यात हा सगळ्यात अशक्त. तिला रोज खोलीत येऊन बसू दे, वाटलं तर "हा तुझाच" असं सांग, पण पाठवू नकोस. मे महिना काही फार लांब नाही.

घाईत आहे.

खारू

१९ मार्च

प्रिय खारू,

सतरा तारखेला पहिली सुई पार पडली. पुस्तकं न्यायच्या झाकणाच्या टोपलीतून वरात काढली. रस्त्यात शाईने एवढा आरडाओरडा केला म्हणे, की लोक वळून बघत होते. मला काही त्रास झाला नाही.

डॉक्टरांनी प्रत्येकाला हातात घेऊन तोंड, डोळे, पोट तपासलं, मागून थर्मामीटर घातलं. पुठ्ठ्याने तो अपमान अजून विसरलेला नाही. दोन बारीक बाटल्या होत्या, एकीत चिमूटभर भुकटी, एकीत पाणी. मिसळून मानेमागच्या सैल कातडीत टोचलं. खळला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी सगळी सुस्त होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडद्यावर चढली.

वजनं: पुठ्ठा नऊशे, शाई आठशे पन्नास, खळ आठशे दहा.

एक अडचण आहे. डॉक्टरांच्या पायावर शस्त्रक्रिया आहे, ते दोन महिने रजेवर चाललेत. बदली कोणी येणार की नाही, कोणालाच माहीत नाही. चौदा एप्रिलचं काय करायचं?

एवढ्यात तुझा फोटो शोधत होतो तेव्हा तू पाठवलेलं दवाखान्याचं पत्रक सापडलं. पिल्लांचा एक फोटो छापून त्याच पत्त्यावर पाठवलाय, भिंतीवर लाव.

मामा

२४ मार्च

मामा,

वजनं तिघांची लिहिलीस.

दोरा कुठे आहे?

खारू

३० मार्च

खारू,

तुझं पत्र हातात घेऊन दोन दिवस नुसता बसलो. दोन ओळींचं पत्र इतकं जड असतं हे ठाऊक नव्हतं.

दोरा गेला. बारा मार्चला.

तू सहा तारखेचं पत्र लिहिलंस तेव्हा तो सलूनवाल्याकडे पोचून पाच दिवस झाले होते. मी तुला "बिघडेल का" असं विचारलं ना, त्याच संध्याकाळी मी त्याला देऊन टाकलं होतं. पत्र टाकून परत येतोय, तर ती पोर वाचनालयाच्या पायरीवर बसलेली. वाढदिवस होता तिचा. तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

हे अर्धंच झालं. सगळं टाकलं असं मी लिहिलं होतं, ते खोटं. टोपली टाकली, खोकं जाळलं. पण गेल्या वर्षीच्या पिल्लाखाली तुझ्या मामीची निळी शाल होती. तिला कायम थंडी वाजायची, शेवटच्या आजारात ती शाल तिच्या खांद्यावरून निघाली नाही. ती मी दोनदा गरम पाण्यात, साबण लावून धुतली आणि कपाटात ठेवली. तू लिहिलं होतंस, साबणाने मरत नाही. मी वाचलं होतं. वाचून कपाट लावून घेतलं.

दोराला द्यायचं ठरवलं तेव्हा त्याच शालीत गुंडाळून दिला. बारीक आहे, गारठेल, असं वाटलं.

आठ दिवस छान होता म्हणे. मग खाणं सोडलं. सलूनवाल्याने बोलावलं तेव्हा मी गेलो. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसला होता. मी ओळखलं, खारू. आणि काही बोललो नाही. तिथून घरी येऊन कपडे उकळले, अंग धुतलं, तीन दिवस खोलीत पाय ठेवला नाही. ती तिघं वाचली. म्हणजे मला सगळं समजत होतं, फक्त तोंड उघडत नव्हतं.

सलूनवाल्याला वाटतं पिल्लू मुळातच अशक्त होतं. तो अजून मला अदबीने विचारतो, "काका, मिशा जरा बारीक करू का?" मी खुर्चीत बसतो आणि आरशात बघायचं टाळतो.

माझं सांगून झालं. आता तुझं. मी दवाखान्यावर पाठवलेला फोटो काल परत आला. पाकिटावर लिहिलंय, "डॉक्टर येथून नोव्हेंबरमध्ये गेल्या." फेब्रुवारीत तू मला लिहिलंस, दवाखान्यात गर्दी असते.

कुठल्या दवाखान्यात, बाळ?

मामा

५ एप्रिल

मामा,

तुझ्यावर रागावायचं ठरवून पत्र उघडलं आणि शेवटच्या ओळीपाशी माझीच चोरी पकडली गेली.

मी सध्या औषधांच्या एका गोदामात आहे. खोक्यांवरच्या मुदतीच्या तारखा तपासते. कोणी ओरडत नाही, ओरबाडत नाही, मरत नाही. ज्या दिवशी फोनवर तू "हो, हो" म्हणालास, त्या दिवशी मी तुला हेच सांगत होते. विचारत होते, मी सोडलं ते बरं केलं ना, मामा? तू म्हणालास, "हो, हो."

ऑक्टोबरात गाणं शिकवणाऱ्या एक बाई पिल्लू घेऊन आल्या होत्या. एकट्या राहतात. घरी एक म्हातारी मांजर, आणि हे नवीन. दोन महिन्यांचं, राखाडी रंगाचं. बाहेर अकरा जण थांबले होते. मी विचारलं, "सगळं ठीक?" त्या म्हणाल्या, "हो." मी टोचलं. थर्मामीटर टेबलावरच होतं, हात लांब केला असता तर पोचला असता. ताप पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी ते गेलं. तोच रोग. लसीने गेलं नाही, मामा, तो आधीपासून अंगात होता, लसीला काम करायला वेळच मिळाला नाही. हे मी कोणालाही पटवून देऊ शकते. बाईंना वाटतं सुईने मारलं. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "लस चांगली होती, आपली काही चूक नाही, तुम्ही काही बोलू नका." मी बोलले नाही. पण ताप पाहिला असता तर त्याच दिवशी वेगळं ठेवलं असतं, सलाइन लावलं असतं. कदाचित वाचलं असतं. शिवाय त्याच टेबलावर त्यानंतर आणखी दोन पिल्लं आली, आणि त्यांतलं एकही राहिलं नाही.

तेव्हापासून सुई हातात घेतली, की अंगठा थरथरतो. तुला नियम लिहून पाठवताना मात्र थरथरत नव्हता. कागदावर मी अजून चांगली डॉक्टर आहे.

चौदा तारखेसाठी दुसरं कोणीतरी शोध. चार-पाच दिवस इकडेतिकडे झाले तर चालतं, पण रेंगाळू देऊ नकोस. मला बोलावू नकोस.

खारू

९ एप्रिल

खारू,

बोलावत नाही.

तुझ्यावर आणि माझ्यावर एकच वेळ आली, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. तू घाईत चुकलीस. मी सवडीने चुकलो, कपाटाची किल्ली हातात घेऊन. तेव्हा मी तुला शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही.

फक्त काय करणार ते कळवतो. शाल टाकली. वाटलं होतं हात उठणार नाही, पण उठला. बारा तारखेला सलून बंद असेल, त्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगणार आहे. त्याच्या घरातही तो विषाणू आता असणार, हे त्याला कळायलाच हवं, नाहीतर पोरीसाठी तो दुसरं पिल्लू आणेल आणि तेही जाईल. एवढं साधं, आणि मला महिना लागला.

आसपासच्या दोन गावांत विचारलं. एक डॉक्टर गाई-म्हशी सोडून काही बघत नाहीत, दुसऱ्यांकडे ही लस नाही. शोधतोय. चौदाला सकाळी खोली पुसून, टेबल रिकामा करून ठेवेन. कोणी आलं तर बरं, नाही आलं तर पुढचा दिवस.

तुला नुसतं जेवायला यायचं असेल तर मात्र केव्हाही ये.

मामा

२७ एप्रिल

मामा,

पोचले. गाडीत शेजारच्या माणसाने विचारलं, हाताला काय झालं. म्हटलं, शाई लागली. त्याने ओरखड्यांकडे बघून मान हलवली.

दहा दिवस तुझ्याकडे राहिले, एका टेबलावर जेवलो, आणि चौदा तारखेला आत काय झालं ते तुला सांगितलंच नाही. काही गोष्टी कानाशी ओरडून सांगता येत नाहीत. ग्रंथपालबाईंनी ऐकलं असतं, रस्त्यानेही ऐकलं असतं.

मी बर्फाचा डबा मांडीवर धरून आले, तेव्हासुद्धा ठरलेलं नव्हतं. लस तुझ्या टेबलावर ठेवायची, कोणीतरी टोचेल, असं स्वतःला सांगत होते. तेवढ्यात सलूनवाला दारात आला आणि तू बाहेर गेलास. तुझा चेहरा बघून मला वाटलं, आता तुझं काही खरं नाही. त्याच्या मागून ती मुलगी आत शिरली. चप्पल काढली. माझ्यासमोर उभी राहिली.

मी बाटलीतलं पाणी भुकटीत सोडत होते. हात थरथरला आणि सुई बाटलीच्या कडेवर टकटक वाजली.

ती म्हणाली, "तू घाबरतेस?"

"हो."

"सुईला?"

"नाही. पिल्लाला काही होईल, याला."

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "मी धरते. तू फक्त टोच." आणि खळला तिने अशी उचलून छातीशी धरली, जशी आमच्या दवाखान्यातली दहा वर्षं काम केलेली माणसं धरतात. मी खळचा ताप पाहिला. ठीक. टोचलं. शाईचा पाहिला. ठीक. टोचलं. (ओरखडे तेव्हाचे.) अंगठा थरथरतच होता, मामा. थांबला वगैरे नाही. पण थरथरत्या हातानेही काम होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग पुठ्ठा. उड्या मारत होता, डोळ्यांच्या कडा जेमतेम ओलसर. थर्मामीटर काढलं तर एकशेचार.

मी सिरिंज खाली ठेवली. ती म्हणाली, "याला पण दे ना." मी म्हटलं, "याला आज नाही. ताप आहे." तिचा चेहराच पडला. "लवकर दे! नाहीतर दोरासारखं होईल!" रडायलाच लागली. माझा हात सिरिंजकडे गेला होता, हे तुला सांगते. दिलं असतं तर ती गप्प झाली असती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "अंगात आधीच भांडण चालू असताना नवीन काही शिकवलेलं पिल्लाला कळत नाही. आधी याला बरं करू. मी इथेच राहते."

हे बोलेपर्यंत मी राहणार आहे, हे मलाही माहीत नव्हतं.

मग ती अगदी हळू म्हणाली, "दोराला सुई दिली असती, तर?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. मी म्हटलं, "कदाचित वाचला असता. कदाचित नसता. मला माहीत नाही." तिने डोळे पुसले आणि विचारलं, "दुधाने नाही ना गेला?" मी म्हटलं, "दुधाने? नाही गं, विषाणूने." ती माझ्याकडे बघतच राहिली. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. साधं सर्दीचं दुखणं निघालं, सहाव्या दिवशी उतरलं. चोवीसला टोचलं, आणि त्याने माझ्याकडे पाठ फिरवून निषेध नोंदवला. पुठ्ठ्याची पुढची सुई बारा मेला नको, बावीसला. इतर दोघींची बारालाच.

तू बाहेर काय बोललास, ते लिही.

खारू

३ मे

खारू,

त्या दुधाचा अर्थ मला लागतो. ऐक.

बारा तारखेला मी त्याच्या घरी गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शाल, कपाट, सगळं. त्याने दार उघडून धरलं, म्हणजे मी निघावं. मी निघालो.

चौदाला तो वाचनालयात आला तेव्हा मला वाटलं, आता चार लोकांसमोर माझी अब्रू काढणार, आणि काढावीच. तो माझ्या उजव्या कानाशी आला. ओरडला नाही, सावकाश, एकेक शब्द सुटा बोलला. रोज गिऱ्हाइकांच्या कानाशी काम करतो, त्याला जमतं.

म्हणाला, "काका, पिल्लू आजारी पडायच्या आदल्या दिवशी पोरीने त्याला तिच्या पेल्यातलं दूध पाजलं होतं. मी नको म्हटलेलं असताना. ते गेलं तेव्हापासून ती दुधाला शिवत नाही. मला वाटलं, हट्ट. परवा तुम्ही सांगून गेलात, मी तिला विचारलं, तर म्हणाली, मीच मारलं त्याला. महिनाभर, काका. सात वर्षांची पोर महिनाभर हे घेऊन झोपत होती. तुम्ही त्या दिवशीच बोलला असता, तर."

एवढंच. मी माफी मागितली. तो म्हणाला, "मी तिला सांगितलं की दुधाने नाही गेला. तिला पटत नाही. ती म्हणते, तू बाबा आहेस म्हणून सांगतोस. आत तुमच्या डॉक्टरबाई आहेत ना? म्हणून घेऊन आलो."

म्हणजे ती तुझ्याकडे पिल्लं बघायला आली नव्हती. विचारायला आली होती.

मला क्षमा केली की नाही, माहीत नाही. त्याने घर ब्लीचने धुऊन काढलं, गादी टाकली. तिसऱ्या सुईनंतर शाई तिकडे जाणार. मिशा कापायला मी अजून गेलेलो नाही, त्या वाढून ओठांवर आल्यात, ग्रंथपालबाई मला वालरस म्हणतात.

पोर दूध पिते आता. साखर मागते त्यात.

मी गप्प बसलो तेव्हा वाटत होतं, माझं पाप माझ्यापाशी आहे. ते माझ्यापाशी नव्हतंच, खारू. ते तिच्या घरी जाऊन बसलं होतं.

मामा

२६ मे

मामा,

बाराला दोघींना टोचलं आणि बावीसला मी परत येऊन पुठ्ठ्याला टोचून गेले, तेव्हा तू विचारलंस, "तू एवढी गप्प का?" मी म्हटलं, प्रवासाने. प्रवासाने नाही. तुझं तीन तारखेचं पत्र मी पिशवीत घेऊन फिरत होते. त्यातली शेवटची ओळ.

काल गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे गेले.

तिसरा मजला. खाली दोनदा उभी राहिले आणि दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा एक शिष्या दार उघडून बाहेर पडली, तेव्हा पळायला जागा उरली नाही. बाईंनी मला लगेच ओळखलं. म्हातारी मांजर खिडकीत होती. मी बसले नाही, म्हटलं, आधी बोलते. आणि तुझ्यासारखंच उभ्याउभ्या सांगितलं. सुईने गेलं नाही, पण मी ताप पाहिला नव्हता. पाहायला हवा होता. घाई होती. पाहिला असता तर काय झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही, पण मी पाहिला नव्हता, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्यासाठी मी तयार होते.

त्या खाली बसल्या. बराच वेळ पेटीवरचा रुमाल सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या सकाळी ते जेवलं नव्हतं. आदल्या संध्याकाळीही. तुम्ही विचारलंत, सगळं ठीक? मला वाटलं, नाही म्हटलं तर तुम्ही परत पाठवाल, पुन्हा यावं लागेल. दुपारी माझा वर्ग होता. मी हो म्हणाले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सगळ्यांना सांगत सुटले, सुईने मेलं. सांगितलं नसतं तर मला स्वतःशी बोलावं लागलं असतं."

मामा, मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मांजर खिडकीतून उतरली, आम्हा दोघींकडे बघितलं, आणि कोणाच्याच मांडीवर न बसता मध्ये बसली.

त्यांनी चहा केला. तो पिताना आम्ही मांजरीच्या दातांबद्दल बोललो. तिचा एक दात हलतोय, खाताना मान वाकडी करते. मी तोंड उघडून पाहिलं. काढावा लागेल.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "हिला कुठे आणू? तुम्ही सध्या कुठे बसता?"

मी म्हटलं, "सोमवारपासून बसते."

कुठे, ते अजून ठरलेलं नाही, मामा. वार तेवढा तोंडातून निघून गेला. आज सकाळपासून मी जागा शोधत हिंडतेय.

तुझी,
खारू